डिकन ओथाची तीन मिनिटं

पेपरमिंटची कल्पना माझीच होती. नगर परिषदेच्या सभागृहाच्या दारात मी उभी राहिले आणि आमच्या चर्चचं जे कोणी आत शिरेल त्याच्या हातावर एकेक पेपरमिंट ठेवत बजावत गेले, "चावायचं नाही, चोखायचं. आणि तोंडात आहे तोवर तोंड उघडायचं नाही."

"आणि संपलं की गं?" सिस्टर ओडेसानं विचारलं. आमच्या चर्चमध्ये सगळ्याच बाया एकमेकींच्या सिस्टर; हिनं ऐंशी केव्हाच ओलांडली आहे, पण जीभ अजून विशीतली आहे.

"संपलं की दुसरं माग."

"आणि शिंक आली तर, व्हर्लीन?"

"गिळायची."

"नवऱ्याला बरं गप्प बसायला शिकवलंस, आता आम्हाला शिकव," असं म्हणून ती आत गेली. ती हसत होती, पण मला ते लागलं. कारण ओथा खरंच गप्प झाला होता आणि ते शिकवणं माझं नव्हतं.

मागच्या महिन्याच्या सभेत आमचा घात आमच्याच तोंडांनी केला होता. आम्हा काळ्या माणसांच्या चर्चमध्ये कोणी उभं राहून मनातलं बोलू लागलं की बाकीचे गप्प बसत नाहीत. "सांग, सांग," "खरंय बाबा," "सावकाश, वेळ घे," असं बाकांवरून चालूच असतं. बोलणारा अडला की त्याला बाकांनीच उचलायचं. समोरून आवाज आला नाही तर पाद्रीसुद्धा मध्येच थांबून विचारतो, "आहात ना रे, की गेलात?" पण परिषदेचे अध्यक्ष हेंडरशॉट यांना तो दंगा वाटला. त्यांनी हातोडा आपटला, पोलिसांकरवी सभागृह रिकामं केलं आणि ठराव पुढं ढकलला. आता दारावर पाटीच लावली होती: श्रोत्यांतून आवाज आल्यास सभा तहकूब होईल.

ठराव साधा होता. पोलिसांच्या छातीवरच्या कॅमेऱ्यात जे टिपलं जातं ते महिन्याभरात पकडलेल्या माणसाच्या घरच्यांना दाखवायचं, आणि पोलिसांना बोलावून जाब विचारता येईल अशी नागरिकांची समिती नेमायची. सातांपैकी चार मतं आमच्या बाजूनं होती. त्यातलं चौथं मत डॉर्सेट बाईंचं. त्यांची मुदत महिनाअखेर संपत होती, आणि त्यांच्या जागी येणारा माणूस पोलीसप्रमुखाचा मासेमारीतला सोबती. म्हणजे आज नाही तर कधीच नाही.

हे सगळं जुळवून आणलं होतं माझ्या भाचीनं, लॅट्रीसनं. ती वकील आहे आणि माझ्यासारखीच तापट. आत येताना तिनं माझा दंड धरला. "आत्या, आज कुणाचा आमेनसुद्धा नको. तुझी माणसं, तुझी जबाबदारी."

"माझी माणसं मूग गिळून बसतील."

"मूग नाही, पेपरमिंट," ती म्हणाली. दोघींनाही हसू आलं नाही.

ओथा पहिल्या रांगेत बसला होता. रविवारचा करडा सूट, डावा खांदा अजून उजव्याहून खाली. माझा नवरा जन्मभर शहराची बस चालवून निवृत्त झाला, पण त्याची ओळख बसची नाही. तो आमच्या चर्चचा डिकन, पाद्र्याचा उजवा हात. दर रविवारी प्रार्थनेआधी जुनं भजन तोच उचलायचा. ती आमची आजोबा-पणजोबांपासूनची रीत. पुस्तकं नव्हती, वाचता येत नव्हतं, तेव्हा एकानं ओळ म्हणायची आणि सगळ्यांनी ती धरून ओढत ओढत गायची. ओथानं ओळ टाकली की चर्चच्या काचा थरथरत.

घरात मात्र मी त्याला सराव करू देत नसे. माझी मालिका असायची. म्हणून तो शनिवारी संध्याकाळी दारासमोर गाडीत बसून, काचा वर करून गुणगुणायचा. गल्लीत नव्यानं राहायला आलेल्या कुणीतरी फोन केला, की एक काळा माणूस बराच वेळ गाडीत बसून आहे. पोलीस आले. त्याला खाली उतरवलं, पालथा पाडला, पाठीवर गुडघा दिला. मी आत मासे तळत होते आणि वरचा पंखा घरघरत होता. मी बाहेर आले तेव्हा त्याचे हात मागे बांधलेले होते आणि खांदा निखळून मोडला होता.

पोलिसांच्या अहवालात लिहिलं होतं: इसम नशेत, मोठमोठ्यानं शिवीगाळ करत होता. माझ्या ओथानं लग्नातसुद्धा दारू चाखली नव्हती! ते वाचून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ओथानं तो कागद घडी करून परत दिला, बस्स. त्यानंतर त्यानं एकाही रविवारी भजन उचललं नाही. खुर्चीत बसून राहायचा. आज तो इथं यायला तयार झाला, हाच चमत्कार.

"ओथा ग्रिग्ज," कारकुनानं पुकारलं.

ओथा माईकपाशी गेला. समोर छोटा दिवा हिरवा झाला. प्रत्येकाला तीन मिनिटं. शेवटी दिवा पिवळा, मग लाल.

तो उभा राहिला आणि काही बोललाच नाही.

मी बाकाची कड घट्ट धरली. बोल ना, बाबा. तो आमच्याकडं वळून बघायला लागला. सभागृह आमच्या लोकांनी भरलं होतं आणि सगळ्यांचे गाल पेपरमिंटनं फुगले होते. माझ्या हुकमाप्रमाणं सगळे चिडीचूप. सिस्टर ओडेसानं तर तोंडावर रुमालच धरला होता. आणि मला तेव्हा कळलं, की या माणसानं आयुष्यात कधी मुक्या खोलीसमोर तोंड उघडलेलं नाही. त्याला कसं बोलतात ते ठाऊकच नव्हतं.

"बोला, मिस्टर ग्रिग्ज," हेंडरशॉट म्हणाले. "वेळ चाललाय तुमचा."

"मी बेकर स्ट्रीटवर राहतो," ओथा म्हणाला आणि थांबला.

त्या जागी कुणीतरी "हो, राहतोस" म्हणायला हवं होतं. कुणी म्हटलं नाही.

"तिथंच घर बांधलं." पुन्हा थांबला. "बायकोचं आणि माझं." पुन्हा.

सवयच ती. प्रत्येक वाक्यानंतर तो आमच्यासाठी जागा सोडत होता, आणि त्या मोकळ्या जागेतून त्याची मिनिटं गळत होती. पलीकडे लॅट्रीस बोटांनी खूण करत होती, पुढं चला, काका, पुढं चला. तो कुठं बघत होता तिच्याकडं!

"त्यांनी लिहिलंय, मी शिव्या दिल्या." तो थांबला. "साहेब, मला शिव्या येत नाहीत." कुणीतरी नाकातून हसू दाबलं. मी मान वळवून डोळे वटारले.

"मी आडवा होतो. तोंडात माती. बोलता येईना. मग मला जे येतं ते केलं." त्यानं माईकची दांडी धरली. "मी ओळ उचलली. म्हटलं, गल्लीतलं कुणीतरी ऐकेल. ऐकलं तर धरेल. आमच्यात धरतात. कॅमेऱ्यात आहे ते, साहेब. मला तेवढंच दाखवायचंय, की ती शिवी नव्हती."

दिवा पिवळा झाला.

"मी हे म्हटलं होतं," ओथा म्हणाला. त्यानं डोळे मिटले, आणि इतक्या महिन्यांनी त्याच्या छातीतून तो आवाज निघाला. जाड, खडबडीत, टोकाला फाटलेला.

"रात्र पडली, वाट ना दिसे, धन्या, हात दे..."

आणि तो थांबला. ओळ टाकून, हात थोडा पुढं करून, डोळे मिटून उभा राहिला. वाट बघत.

कुणी हललं नाही. माझी माणसं शब्दाला पक्की. सिस्टर ओडेसाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ओठ आवळलेले होते. डॉर्सेट बाई पेन हातात धरून ओथाकडं बघत होत्या. दोन मिनिटं कळ काढली असती, तर मतदान झालं असतं. चार मतं. मला हिशोब पाठ होता, मीच तो घरोघरी जाऊन सगळ्यांना पढवला होता.

ओथाचा हात खाली यायला लागला. हळूहळू. त्याचा चेहरा मी त्या शनिवारी दारात पाहिला होता, मातीला गाल टेकलेला. तोच चेहरा होता.

मला राहवलं नाही. पेपरमिंट गालात सारून मी ती ओळ धरली. "रात्र... पडली..." माझा आवाज काही गाण्याचा नाही, पत्र्यावर खिळा ओढल्यासारखा आहे. पण धरली. मागून ओडेसानं धरली, मग सगळ्या बाकांनी. सभागृह घुमलं. ओथानं डोळे उघडले नाहीत, पण हात पुन्हा वर गेला आणि त्यानं दुसरी ओळ टाकली.

हातोडा आपटत होता. "सभा तहकूब! सभागृह रिकामं करा!" हेंडरशॉट ओरडत होते, पण आम्हाला तोही ताल वाटत होता. मग पोलीस आत आले.

बाहेर पायऱ्यांवर लॅट्रीस माझ्यासमोर उभी राहिली. "चार मतं होती, आत्या! चार! हातातोंडाशी आलेला घास होता! पुढच्या महिन्यात डॉर्सेट बाई नाहीत. ते चित्रण आता कधी दिसणार नाही, कळतंय का तुला? कुणालाच नाही. नुसत्या काकांचा प्रश्न नव्हता हा."

"कळतंय."

"मग का?"

ती बरोबर होती. अजूनही बरोबर आहे. मी तिचा हात धरायला गेले, तिनं काढून घेतला आणि ती भराभर खाली उतरून गेली. माझी चूक झाली म्हणावं तर जीभ रेटत नाही, आणि झाली नाही म्हणावं तर झोप लागत नाही.

आम्ही गाडीत बसलो. ओथानं किल्ली फिरवली नाही. काचा वर होत्या. तो समोर बघत राहिला आणि मग हलकेच घशात गुणगुणला, तीच ओळ. एका जागी अडला, मान हलवली, पुन्हा घेतली. आमच्या शेजारून एक पोलिसांची गाडी सावकाश पुढं गेली. तो गुणगुणायचा थांबला नाही.

मग तो माझ्याकडं वळला. त्या शनिवारनंतर महिने झाले होते, पण एवढं सरळ त्यानं माझ्याकडं पाहिलं नव्हतं.

"उशिरा धरलीस गं, व्हर्लीन," तो म्हणाला.

"तोंडात पेपरमिंट होतं," मी म्हटलं.

"आजचं नाही म्हणत मी. त्या शनिवारचं."

मी त्याच्या मोडक्या खांद्यावर हात ठेवला. त्यानं गाडी सुरू केली.