खोताच्या वाडीतली काळी द्राक्षवेल

मित्रांनो, मी एक जुनी द्राक्षवेल आहे. गिरगावात, खोताच्या वाडीत, एका लाकडी घराच्या जिन्याशेजारी मी पासष्टहून अधिक वर्षे काढली. मुंबईच्या दमट हवेत द्राक्षे होतात, यावर कोणी विश्वास ठेवत नाही. फार होतही नाहीत, हे मी आधीच कबूल करते.

तुम्ही बाजारातून आणता तशी माझी द्राक्षे नव्हेत. मणी लहान, काळे, जाड सालीचे. तोंडात टाकले की दात आंबतात. ती लाल वाइनसाठीची द्राक्षे. माझ्या जातीचे नाव मात्र कोणालाच ठाऊक नव्हते. गोदीत जहाजदुरुस्तीचे काम करणाऱ्या एका माणसाला परदेशी बोटीवरच्या आचाऱ्याने माझी एक काडी दिली. ओली राहावी म्हणून ती बटाट्यात खोचलेली होती. कुठल्या देशाची, हे त्याने सांगितले नाही आणि याने विचारले नाही. याने ती घरी आणून दारात लावली.

त्याची मुले, रेमंड आणि सिसिलिया, माझ्याबरोबरच वाढली. सिसिलियाला सगळी वाडी सिसीबाय म्हणे. दोघांनीही लग्न केले नाही, दोघे त्याच घरात राहिली. मार्चमध्ये घड पिकले की रेमंड ते चुरडून चिनी मातीच्या बरणीत ठेवी आणि नाताळला ती वाइन निघे. पाहुणे पेला उजेडात धरून रंगाचे कौतुक करत. ते ऐकून मला बरे वाटे.

माझ्या छाटणीला परळहून गुणाजी येई. गिरणी बंद पडल्यावर तो चार वर्षे नाशिककडे द्राक्षबागेत राबला होता आणि तिथली छाटणी शिकून परत आला होता. मित्रांनो, द्राक्षवेल वर्षातून दोनदा छाटतात. एप्रिलमध्ये जुन्या काड्या काढायच्या, म्हणजे नव्या येतात. ऑक्टोबरमध्ये त्या आखूड करायच्या, म्हणजे घड धरतात. वेळ चुकली की नुसता पाला.

एका ऑक्टोबरात रेमंड अचानक वारला. चौथ्या दिवशी गुणाजी ठरल्याप्रमाणे कात्री घेऊन आला. घरात भेटायला आलेली माणसे होती. कोणाला न विचारता त्याने छाटणी उरकली. सिसीबाय बाहेर आली तेव्हा माझ्यावर एक पान उरले नव्हते.

"माझा भाऊ गेला, आता झाड पण मारलंस?" ती ओरडली.

"बाय, आज नाय कापली तर…"

"चालता हो. परत या दारात यायचं नाही."

गुणाजीने पाला पोत्यात भरला, अंगण झाडले आणि तो गेला.

त्या मार्चमध्ये मला कधी नव्हे इतके घड लागले. सिसीबायने एकही तोडला नाही. थोडे बुलबुलांनी खाल्ले, बाकीचे सुकून पडले.

पुढची बारा वर्षे तिने माझ्याजवळ कोणाला कात्री आणू दिली नाही. रोज पाणी मात्र घाली. माझी सावली दाट झाली, येणारे-जाणारे खाली उभे राहून फोटो काढू लागले. पण घड लागेनात आणि दर पावसाळ्यात पाने रोगाने करपत. मग अंगणात सिमेंटच्या लाद्या बसवल्या, त्या थेट बुंध्याला भिडल्या. पाणी मुळांपर्यंत पोचेना. अर्धा बुंधा वाळला.

समोरच्या घरातली ऋग्वेदा शेतकी कॉलेजात शिकते. सुट्टीत आली असता तिने माझी पाने नेली. काही दिवसांनी ती सिसीबायकडे आली.

"आमच्या मॅडमनी खूप जातींशी ताडून बघितलं. कुठेच जुळत नाहीये. हिची काडी आणखी कोणाकडे लावलीय?"

"नाही गं. मी कोणाला कापूच दिली नाही."

"मग ही गेली की बहुतेक जातच गेली, आंटी."

सिसीबाय जिन्यावर बसली.

रोप करायला पेन्सिलीएवढी जाड, पक्व काडी लागते. माझ्यावर तशी एकही नव्हती. "आधी एप्रिलची छाटणी करायला हवी," ऋग्वेदा म्हणाली. "पण बुंधा अर्धा मेलाय. चुकीच्या जागी कापलं तर उरलेलाही जाईल. मला नाही धीर होत."

"करणारा आहे एक," सिसीबाय हळूच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दोघी लोअर परळला त्याच्या चाळीत गेल्या. तिथले ऋग्वेदाने परत आल्यावर आपल्या आईला सांगितले, तेव्हा मी ऐकले. सिसीबाय दारातच म्हणाली, "गुणाजी, माझं चुकलं." त्याने तिला बसायला खुर्ची दिली, माझी हकीकत ऐकून घेतली आणि विचारले, "बुंधा किती ओला आहे?"

तो आला. आता सत्तरीचा झाला होता. नखाने साल खरवडत त्याने माझी ओल शोधली आणि एका जागी बोट टेकवले.

"इथून. पण माझा हात हलतो. बाय, तुम्ही कापा."

"मला नाही जमणार, गुणाजी."

"त्या दिवशी मी न विचारता कापली, ती माझी चूक. आज तुम्हीच कापा. मी जागा दाखवतो."

तिने कापले. दर वेळी ती विचारी, "आणखी?" तो म्हणे, "आणखी." शेवटी कमरेएवढा बुंधा उरला. भोवतालच्या लाद्या ऋग्वेदाने उखडल्या.

पंधरा दिवस काहीच झाले नाही. सिसीबाय रोज सकाळी चष्मा लावून मला न्याहाळी. अठराव्या दिवशी माझ्या बुंध्यावर कोंबाचा एक डोळा फुगला. तिने गुणाजीला फोन केला. "फुटली ना?" तिने काही सांगण्याआधी तोच म्हणाला.

ऑक्टोबरात माझ्या चोवीस काड्या निघाल्या. चौदांना मुळे फुटली. पुढच्या मे महिन्यात जुना बुंधा पुरता वाळला. तो तोडावा लागला, तेव्हा सिसीबाय रडली. मग मी अजून बोलते कशी? बीपासून नवे झाड होते, काडीपासून मात्र तेच झाड पुन्हा वाढते. म्हणून आज मी कॉलेजच्या रोपवाटिकेत चौदा पिशव्यांत उभी आहे.

पहिले घड यायला अजून दोन वर्षे आहेत. अवकाळी पावसात पातळ सालीची द्राक्षे तडकतात. माझी जाड साल टिकेल का, हे मॅडमना बघायचे आहे. टिकेल असे मी सांगत नाही. वाइनही कदाचित साधीच होईल.

मित्रांनो, तुमच्या दारात एखादे जुने झाड असेल, तर त्याची एक काडी शेजाऱ्याला द्या. आणि कोणी कापायला आला, तर त्याला हाकलण्यापूर्वी "आज का कापतोस?" एवढे विचारा. सिसीबायला त्याच्याकडे जायला बारा वर्षे लागली. माझ्याजवळ तेवढी वर्षे होती. सगळ्यांजवळ नसतात.