निळ्या लेंड्या

मी संशयी आहे, हे माझा नवरा चारचौघांत कौतुकाने सांगतो. दूधवाल्यापासून दंतवैद्यापर्यंत माझ्या तावडीतून कोणी सुटत नाही, म्हणे. असेल तसं. संशय घेतला नाही तर आमच्या धंद्यात भाकडकथाच जास्त पिकतील.

आम्ही दोघं एकाच प्रयोगशाळेत. खाण्याची हाव कमी करणारं औषध त्याने तयार केलंय, आणि ते खरंच लागू पडतं का हे उंदरांवर पाहण्याचं काम माझं. पेटीत एक दांडी असते. उंदराने ती दाबली की गोड गोळी पडते. पहिली गोळी एका दाबात, मग पुढची प्रत्येक महाग होत जाते. शेवटी एका गोळीसाठी इतकं दाबावं लागतं की उंदीर ‘खड्ड्यात गेली तुमची गोळी’ म्हणून पाठ फिरवतो. तो जिथे थांबला, तेवढी त्याची हाव.

अर्ध्या उंदरांना औषध टोचलं जातं, अर्ध्यांना नुसतं मिठाचं पाणी. टोचतो नवरा. कोणाला काय टोचलं हे मला कळता कामा नये, नाहीतर माझं माप आपोआप एका बाजूला झुकेल. ते गुपित त्याच्या कपाटात, आणि किल्ली त्याच्याच खिशात.

या खेपेला काही उंदीर फारच लवकर थांबू लागले. प्रयोगशाळेचे प्रमुख असलेले आमचे सर खूश झाले. औषध लागू पडलं तर नवऱ्याला कायमची जागा मिळणार होती, नाहीतर वर्षअखेरीस घरी बसावं लागणार होतं. मीही खूश व्हायला हवं होतं. पण ते उंदीर गोळी हुंगायचे, तशीच टाकायचे आणि कोपऱ्यात बसून निवांत तोंड धुवायचे, जेवून उठलेल्या जावयासारखे. आम्ही त्यांना मोजकंच खायला देतो, मुद्दाम भुकेलं ठेवतो. औषध हाव कमी करेल, पोट थोडंच भरेल? मग यांची भूक गेली कुठे?

पिंजरे साफ करणारे मामा हळवे होते. उंदरांशी बोलायचे, “आज पण अर्धपोटीच का रे बाळांनो?” झालं, माझ्या मनात पाल चुकचुकली.

“मामा त्यांना चोरून चारतात,” मी नवऱ्याला सांगितलं.

“चारत असतील,” तो लगेच म्हणाला. “मी बघतो. तू नको पडूस त्यात.”

त्याने सरांना काय सांगितलं कोण जाणे, पण मामांना पुढच्या महिन्यापासून येऊ नका म्हणून सांगण्यात आलं.

“ताई, माझं काय चुकलं?” त्यांनी मला विचारलं. मला त्यांचा रागच आला. चोरी करायची आणि वर तोंड पाडून उभं राहायचं.

तरी पुरावा हवा होता. मोजून द्यायचं खाणं मी आधी वेगळ्या डब्यात काढलं, आणि पोत्यात उरलेल्या खाण्याला केकचा निळा रंग चोळला. मुळात तपकिरी खाणं, त्यावर तो फारसा दिसत नव्हता. पोत्यातलं जो चारेल, त्याचं बिंग लेंड्या फोडणार होत्या. हे मी कोणालाच सांगितलं नाही. नवऱ्यालाही नाही, तो हसला असता.

दुसऱ्या दिवशी वजन करायला एकेक उंदीर काट्यावरच्या मगात ठेवला. भीतीने तिथे ते घाण करतातच. काहींच्या लेंड्या नेहमीसारख्या काळ्या, काहींच्या चक्क निळ्या. निळ्यांच्या पुड्या बांधल्या, पुडीवर पिंजऱ्याचा आकडा घातला आणि तडक बैठकीला गेले. मामांची खोड आज सरांसमोर मोडायचीच होती.

पण सरांनी आधी नवऱ्याला गुपित उघडायला सांगितलं. तो फळ्यावर औषधाच्या पिंजऱ्यांचे आकडे लिहू लागला. तो आकडा लिही, आणि माझ्या मांडीवर त्याच आकड्याची पुडी असे. एकही कमी नाही, एकही जास्त नाही.

मामांनी मायेने चारलं असतं तर सगळ्यांनाच चारलं असतं. नेमके औषधाचे उंदीर त्यांनी ओळखले कसे असते? ते तर मलाही ओळखता येत नव्हते. टाळ्या वाजल्या. साऱ्या जगावर संशय घेतला मी, पण या एका माणसावर चुकूनही नाही, आणि आता रडू येतंय की संताप, तेही कळेना.

तो शेजारी येऊन बसला. पुड्यांच्या कागदातून निळा रंग दिसत होता. त्याचं हसू मावळलं.

“घरी बोलू,” तो हळूच म्हणाला. “माझी जागा जाईल गं.”

“आणि मामांची गेली ती?”

सर माझ्याकडे वळले. “मामांबद्दल काही सांगणार होतात ना?”

मी पुड्या त्यांच्यासमोर ठेवल्या, रंगाचं सांगितलं. “औषधाच्या उंदरांना कोणीतरी चोरून चारत होतं, सर. मामा नव्हेत.”

“मग कोण?”

तिथे सगळे त्याला डॉक्टरसाहेब म्हणतात. मला तो शब्द तोंडातून काढवेना.

“माझा नवरा,” मी म्हटलं.