लाल दोऱ्याची कॅसेट

मित्रांनो, मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. माझ्या पोटात गेलेलं गुपित बाहेर फुटत नाही. म्हणजे यंदाच्या गणपतीपर्यंत फुटलं नव्हतं.

ठाकूरद्वारच्या चाळीत मी सुमेधाताईंकडे असतो. ताई रहस्यकथा लिहितात. एके काळी वाचनालयात त्यांच्या पुस्तकाला नंबर लागायचे. शेवटच्या पानाआधी खुनी कोणालाच ओळखता आला नाही, हाच त्यांचा तोरा. आता डोळे गेले. सकाळचं दुपारी आठवत नाही. म्हणून त्या बोलतात, मी भरून घेतो आणि कॅसेट प्रकाशकांकडे जाते. ही शेवटचीच कादंबरी, असं प्रकाशकांनी सांगून टाकलंय.

शेवटच्या प्रकरणाची कॅसेट हाताला कळावी म्हणून ताईंनी तिला लाल दोरा बांधला. तिथेच घोळ झाला.

गणपतीत मंडळाचा पेनड्राइव्ह बिघडला. मंडळाचा हितेंद्र मला आणि ताईंकडची आरतीची कॅसेट न्यायला आला. टेबलावर दोन कॅसेटी होत्या. लाल दोरा म्हणजे देवाचीच, असं समजून त्याने तीच उचलली.

सगळे हात जोडून उभे. लाउडस्पीकरवर ताईंचा शांत आवाज घुमला, "विष कालवलं ते गंगाधरने."

प्रसादाचं ताट मंडळाचे खजिनदार गंगाधरराव यांच्याच हातात होतं. त्या दिवशी प्रसादाला कोणी हात लावला नाही.

ते तडक वर आले. "ताई, शेजारी ना मी? इतकी वर्षं तुमच्याकडे चहा पितोय."

"म्हणून तर तुमचं नाव घेतलं. तुमच्यावर कोणाला संशय आला असता का?"

पण ताई खचल्या. भाजीवालासुद्धा विचारायचा, गंगाधरनेच ना? कित्येक दुपारी त्या मला चालू करून गप्प बसल्या. मी नुसत्या त्यांच्या बांगड्या ऐकल्या. मग एकदा त्या वाकल्या आणि नव्या खुन्याचं नाव माझ्या कानात कुजबुजल्या. काय शेवट होता! ताई समाधानाने झोपल्या.

तेवढ्यात गंगाधरराव आले. रागावल्याचं त्यांना वाईट वाटत होतं. ताईंनी चुकून आरतीवरच कादंबरी भरली, असा त्यांचा समज. पुढच्या वर्षी घोळ नको, म्हणून त्यांनी मला घरी नेलं, घसा खाकरला, लाल दोऱ्याची कॅसेट मागे फिरवून तिच्यावर स्वतःच्या आवाजात आरत्या भरल्या आणि मला परत आणून ठेवलं.

मित्रांनो, कॅसेटच्या कडेला दोन बारीक पट्ट्या असतात. त्या मोडल्या की तिच्यावर दुसरं काही भरता येत नाही. जपण्यासारखं काही असेल तर त्या वेळेवर मोडत जा.

ताईंनी दोरा चाचपला आणि कॅसेट पाठवून दिली. काल प्रकाशकांचा फोन आला. शेवटच्या प्रकरणात कोणीतरी आरती म्हणतंय, टाळ्यांसकट. मग खुनी कोण, त्यांनी विचारलं.

ताई बराच वेळ आठवत बसल्या.

"गंगाधर," त्या म्हणाल्या.