साफ करताना

फॉर्मवाल्या बाई दारात दिसल्या की लोकांची तोंडं वाकडी व्हायची. होणारच! चाळीस प्रश्न म्हणजे काय चेष्टा आहे? पाणी कुठून भरता, खोकला किती दिवसांचा, साखर तपासली का, घरात सिगारेट कोण ओढतं... हे सगळं गोडीगुलाबीने विचारून झालं की यायचा एकतिसावा प्रश्न. घरात बंदूक आहे का? मग इतका वेळ मोकळेपणाने बोलणारा माणूसही सावरून बसायचा. एका आजोबांनी मात्र "बायको आहे, तेवढी पुरे" असं ठणकावून सांगितलं होतं, आणि लगेच आतून भांडं आपटल्याचा आवाज आला होता.

आरोग्य खात्याच्या साहेबांनी पहिल्याच दिवशी सगळ्यांना बजावलं होतं. "आपण पोलीस नाही. डासांची पैदास कुठे होते ते बघायला घरोघर जातो ना आपण? तसंच हे. जगभर माणसं बंदुकीने मरतायत. ती कशी मरतात तेच ठाऊक नसेल, तर औषध काय देणार, कप्पाळ?"

नियम साधा होता. गल्लीच्या तोंडापासून मोजायचं आणि दर सातवं घर घ्यायचं. तोंड ओळखीचं आहे म्हणून घ्यायचं नाही, कुत्रं आहे म्हणून सोडायचं नाही.

बत्तिसावा प्रश्न होता, गेल्या पाच वर्षांत घरातलं कुणी बंदुकीने गेलं का. आणि तेहतिसावा, कसं गेलं. अपघात, दुसऱ्याने मारलं, की स्वतः. तिन्हींपैकी एकावर खूण करायची.

"साफ करताना उडाली," लोक सांगायचे.

एका घरात, दुसऱ्या घरात, सहाव्या घरात तेच. तेच शब्द, तीच घाई, आणि नजर जमिनीवर. बाई 'अपघात'वर खूण करायच्या. साहेबांना मात्र घोर लागला. "या लोकांना बंदुका साफ करायचा भलताच सोस दिसतोय!" असं म्हणून त्यांनी चक्क पोस्टर छापून घेतलं: 'बंदूक साफ करताना घ्यायची काळजी'. खाली तेलाच्या डब्याचं आणि फडक्याचं चित्र. प्रत्येकीला पन्नास पन्नास दिली चिकटवायला. बाईंनी ती पिशवीच्या तळाशी घातली आणि एकही बाहेर काढलं नाही.

कसं काढणार? तो डबा त्यांच्या ओळखीचा होता.

बाईंचा नवरा एका गोदामावर पहारेकरी होता. त्या नोकरीला स्वतःची परवान्याची बंदूक लागायची, म्हणून ती घरात आली. मग गोदाम बंद पडलं आणि बंदूक तेवढी राहिली. तो खिडकीपाशी खुर्चीत बसून असायचा, सकाळी तिथेच, संध्याकाळी तिथेच. जेवायला हाक मारली तर "हो" म्हणायचा आणि उठायचा नाही. बाईंना वाटलं, बसू दे बिचाऱ्याला, आयुष्यभर उभाच होता. त्यांच्या मनाला हे वाक्य आजही डाचतं.

त्या दुपारी बाई बाजारातून परतल्या तेव्हा सगळं संपलं होतं. आवाज ऐकून शेजारी येतच होते. तेवढ्यात बाईंनी कपाटातून तेलाचा डबा काढला, फडकं काढलं आणि खुर्चीच्या पायाशी ठेवलं. कुणी शिकवलं हे त्यांना? कुणी नाही. लेकीला कळता कामा नये, एवढं एकच डोक्यात होतं. आपल्याला सोडून बाप मुद्दाम गेला, हे पोरीने जन्मभर का उरावर घ्यावं? पोलीस आला तो वयस्कर होता. त्याने डब्याकडे बघितलं. डबा कोरा करकरीत, झाकणाचं सीलही तोडलेलं नव्हतं. मग त्याने बाईंकडे बघितलं आणि कागदावर लिहिलं: साफ करताना उडाली. भला माणूस! बाईंनी मनोमन हात जोडले त्याला.

याला तीन वर्षं झाली. खुर्ची तिथेच आहे, तिच्यावर आता इस्त्रीचे कपडे असतात. ताट एक, पेला एक, आणि घरात बोलायला रेडिओ.

लेक दूरच्या शहरात नोकरीला. दर रविवारी तिचा फोन यायचा. "जेवलीस?" "जेवले." "बरं. ठेवते." एवढंच. पूर्वी असं नव्हतं हो. पूर्वी ती फोनवरून घर चालवायची. आई, डोळे तपासून घे. बाबा, नळ गळतोय, माणूस बोलवा. आई, गॅस बंद केलास का, जा, बघून ये, मी थांबते. बाप हसून म्हणायचा, "आली आमची हेडमास्तरीण!" आता हेडमास्तरीण कुणाला काही सांगत नव्हती. बाई स्वतःची समजूत घालायच्या, मोठी झाली पोर, तिला तिचे व्याप आहेत.

त्या सोमवारी सातवं घर निघालं एका शिंप्याचं. चाळिशीचा गोलमटोल माणूस, गळ्यात टेप. मागे त्याची वहिनी वाटाणे सोलत बसली होती. बत्तिसाव्या प्रश्नाला त्याने मशीन थांबवलं.

"माझा दादा. साफ करताना उडाली."

बाईंनी खूण केली. पण शिंपी थांबेना.

"मीच सांगितलं होतं त्याला. चेष्टेत म्हटलं, दादा, ती बंदूक जरा पूस, नाहीतर उंदीर बिऱ्हाड करतील तिच्यात. दुसऱ्याच दिवशी..." त्याने टेप बोटाला गुंडाळली, सोडली, परत गुंडाळली. "तेव्हापासून मी कुणाला काही काम सांगत नाही बाई. तहान लागली तरी उठून स्वतः घेतो. आपण बोलायचं आणि कुणाचं काय व्हायचं."

वहिनीचे हात थांबले होते. तिने मान वर केली आणि तिची नि बाईंची नजरानजर झाली. एकीने दुसरीला ओळखलं. कुणी डबा ठेवला, कुणी फडकं ठेवलं, सगळं त्या नजरेत होतं. वहिनी बाईंना फाटकापर्यंत सोडायला आली.

"काय लिहिलंत?" तिने हळूच विचारलं.

"अपघात."

"बरं केलंत," ती म्हणाली, आणि तिचा चेहरा रडवेला झाला.

बाई पुढच्या बंद दुकानाच्या पायरीवर मटकन बसल्या. त्यांना दार आठवलं, स्वतःच्या घराचं. लेक दोन दिवस राहून निघाली होती, खांद्याला बॅग. निघता निघता वळून म्हणाली, "बाबा, नुसते बसून काय असता? त्या बंदुकीला गंज चढलाय बघा. जरा तेलपाणी करा की तिचं!" तो हसला होता, कित्येक दिवसांनी. आणि चौथ्या दिवशी बाईंनीच फोनवर तिला सांगितलं होतं, साफ करताना उडाली.

अगं बाई! जे ओझं पोरीच्या डोक्यावर नको म्हणून डबा ठेवला, त्याच्या दुप्पट ओझं त्या डब्यानेच चढवलं. तीन वर्षं ती पोर एकटी वाहतेय, आणि आई म्हणतेय, तिला तिचे व्याप आहेत. बाईंनी पायरीवर बसल्या बसल्या स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली. रस्त्यावरच्या एका माणसाला वाटलं, डास चावला.

मंगळवारी बाईंची स्वतःची गल्ली आली. त्यांनी तोंडापासून मोजलं. सातवं घर त्यांचंच. परत मोजलं, पायऱ्यांवरचं ते खोपटं घर धरायचं की नाही असा स्वतःशीच वाद घातला, पण सात ते सातच. एक घर पुढे सरकलं असतं तर कोण बघणार होतं? कुणीसुद्धा नाही. बाईंनी साहेबांना फोन लावला. "माझंच घर आलंय. मला माझंच विचारता येत नाही ना?"

साहेबांनी पलीकडच्या वस्तीतल्या बाईला पाठवलं. तिला सगळे भोंगा म्हणायचे, कारण तिने कानात सांगितलं तरी चौकात ऐकू जायचं. भोंगा आली, इस्त्रीचे कपडे उचलून बाजूला ठेवले आणि नेमकी त्याच खुर्चीत बसली. पाणी, खोकला, साखर, सगळं धडाधड लिहून झालं.

"बंदूक?"

"होती. पोलिसांनी नेली."

"घरातलं कुणी..." भोंग्याचा आवाज जरा उतरला. "हो, ते माहितीये मला. अपघात लिहिते. साफ करताना—"

"खोडा ते."

"अं?"

"तो काही साफ करत नव्हता. डबा मी ठेवला. त्याचं सीलसुद्धा तोडलेलं नव्हतं." बाईंचा आवाज त्यांनाच परका वाटला. "'स्वतः'वर खूण करा. आणि साहेबांना सांगा, पोस्टर बदला म्हणावं. कसं पुसायचं ते नका शिकवू. जो दिवसभर खुर्चीत बसून असतो त्याच्याकडे कुणाला तरी पाठवा. मी पाठवलं नाही कुणाला."

भोंग्याने 'अपघात'वरची खूण खोडली आणि फॉर्म पुढे केला. खोडलं तिथे सही लागते. बाईंनी सही केली. मग भोंग्याने तसाच पुढचा प्रश्न वाचला, "पाणी उकळून पिता का?" आणि दोघीही रडायला लागल्या.

भोंगा गेल्यावर बाईंनी लेकीला फोन लावला. रविवार नव्हता, म्हणून तिने घाबरून उचलला.

"काय झालं?"

"बाबा बंदूक साफ करत नव्हते गं," बाई म्हणाल्या. थांबलं तर पुढचं निघणार नाही हे त्यांना ठाऊक होतं. "तू सांगितलंस म्हणून काही झालं नाही. त्यांना जायचंच होतं. डबा मी ठेवला, तुला कळू नये म्हणून. तुझ्या बोलण्याने नाही. ऐकतेयस? तुझ्या बोलण्याने नाही."



"तीन वर्षं, आई," लेक म्हणाली. "तीन वर्षं तू मला..." आणि फोन बंद झाला.

बाई बसून राहिल्या, खुर्चीत, पहिल्यांदाच. खिडकीतून समोरची भिंत दिसायची, बाकी काही नाही. हे बघत बसायचा होय तो, त्यांना वाटलं. ऊन भिंतीवरून खाली उतरलं. लेक तुटली ती तुटलीच, असं त्यांनी मनाशी धरलं.

फोन वाजला.

"मी सकाळच्या गाडीने येतेय," लेकीचा आवाज रडून बसला होता आणि रागाने चिरकत होता. "मी खूप भांडणार आहे तुझ्याशी. तोवर नीट राहायचं. काहीतरी खाऊन घे. आणि गॅस बंद आहे का? बघून ये. जा, मी थांबते."

बाई उठल्या. गॅस सकाळपासून बंदच होता. तरी त्या ओट्यापाशी गेल्या, बटण चाचपून बघितलं, आणि रिकाम्या खुर्चीकडे वळून म्हणाल्या, "आली हो, तुमची हेडमास्तरीण."