साउंड, बद्द

शुक्रवारी मँचेस्टरहून फोटो आला आणि वैजयंतीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. खोक्यात असिरियन पेल्याचे दोन तुकडे पडले होते.

सत्तावीसशे वर्षांपूर्वीचा राजवाड्यातला पेला, अंड्याच्या कवचाइतका पातळ. पोटावर कुंभाराने बोटाने दाबलेल्या खळ्या. लंडनच्या संग्रहालयात मातीची भांडी तपासण्याचं काम ती सात वर्षं करत होती, पण मुळात भंडाऱ्याच्या कुंभाराची लेक. मँचेस्टरच्या प्रदर्शनाला पाठवण्याआधी, मंगळवारी, तिने पेल्याला नखाने अलगद टिचकी मारली होती. खणखणीत वाजायचा, तो बद्द वाजला. म्हणजे आत तडा. घाईत तिने वहीत खरडलं: 'साउंड, बद्द.' पहिला शब्द इंग्रजी अक्षरांत, दुसरा देवनागरीत. सवय, दुसरं काय!

वहीवरून पाठवणीचा फॉर्म भरला तिच्या मदतनिसाने, कुशने. जन्म हाउन्सलोचा, मराठी आजीशी बोलण्यापुरतं, देवनागरीच्या नावाने शून्य. त्याने दुसरा शब्द गाळला. आणि फॉर्मवर नुसतं 'साउंड' म्हणजे आवाज नव्हे, धडधाकट. खुशाल प्रवासाला पाठवा!

"अरे, कळलं नाही तर विचारायचं ना!" ती कडाडली.

"सॉरी, ताई. आय थॉट ते तुझा इनिशियल्स आहे."

"इनिशियल्स? माझं नाव ब-वरून सुरू होतं?"

"मला कुठे माहीत, ते ब होता?"

तिला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. पण फॉर्मच्या तळाशी सही तिचीच होती. न वाचता ठोकलेली.

"राजवाडा जळला तरी हा टिकला," ती म्हणाली. "आणि तू त्याला मोटरवेवर..." तिने ओठ चावला. "आपण दोघांनी मारला त्याला."

सोमवारी तुकडे परत आले. कुश तिच्या टेबलापाशी येऊन उभा राहिला. तोंड एवढंसं झालेलं.

"ताई, बद्द म्हणजे काय?"

तिने मोठा तुकडा उचलला, त्याच्या कानाशी धरला आणि टिचकी मारली. तुकडा खणखणीत वाजला. तडा होता तिथूनच पेला फुटला होता; आता लपलेलं काही उरलं नव्हतं.

"हे बद्द?" कुशने विचारलं.

"नाही!" ती ओरडली. "बद्द मंगळवारी होतं. तेव्हा तू विचारायचं होतंस. आणि मी वाचायचं होतं."