गळ धरणारा चिमटा

मी एक जुना चिमटा आहे. पापड भाजायचा नव्हे, मित्रांनो! मला टेबलाच्या कडेला स्क्रूने आवळतात आणि माझ्या जबड्यात गळ देतात. त्यावर कोंबड्याची पिसं नि रेशीम गुंडाळलं की खोटी माशी तयार होते. डोंगरातल्या नद्यांमधला ट्राउट मासा तिला भुलतो, झेपावतो आणि गळ त्याच्या ओठातून आरपार जातो. माझा धंदाच मुळी रक्ताचा. त्याची मला कधी लाज वाटली नाही. लाज वाटली ती एकदाच.

भायखळ्याच्या एका लोहाराने मला घडवलं. दीड शेर वजनाचा मी गिरगावात शरदचंद्रांच्या दुकानी आलो. बोटीने उतरलेले साहेब लोक काश्मीरला, कुलूला जाण्याआधी तिथे थांबत. कुठल्या नदीला कुठल्या महिन्यात कोणती माशी चालते, हे मालकांना तोंडपाठ होतं. तशा चोवीस निवडून ते डबी भरून देत. ज्यांना स्वतः माशा बांधायची हौस असे, त्यांना चिमटा, कात्री, पिसं, रेशीम अशी पेटी मिळे. त्या पेट्यांतून माझे भाऊबंद डोंगरात गेले. मी राहिलो, कारण मी कोंडीरामचा होतो.

कोंडीराम घोडपदेवचा. त्याने जन्मात ट्राउट पाहिला नव्हता, पण बोटं अशी की पिसालाही जीव यावा. वाहवा मात्र मालकांच्या वाट्याला जाई. कोंडीराम मागच्या खोलीत बसे आणि येणंजाणंही वाडीतून, मागच्या दारानेच करी. पुढचं दार गिऱ्हाइकांचं, हा मालकांचा दंडक. अकरा वर्षांत त्याने तो मोडला नव्हता.

मग छप्पन सालचा जानेवारी आला. मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही असं दिल्लीने सांगितलं आणि गिरगाव पेटलं. हरताळ होता, पण एका साहेबाला दुसऱ्या दिवशी बारा डब्या हव्या होत्या. वीज गेलेली. मालकांनी कोंडीरामला पुढे बसवलं, दाराच्या फळ्या लावल्या आणि उजेडासाठी एक फळी काढून ठेवली. तीच नडली. दुकान चालू दिसताच जमावाने दगड घातले. काचेचं कपाट फुटलं, मालकांचं कपाळ रक्ताळलं. त्यांनी ती फळी घाईत जेमतेम सरकवली आणि हाताशी काहीतरी असावं म्हणून मला टेबलावरून सोडवलं.

पाठोपाठ पोलीस आले. लाठ्या, अश्रुधूर, मग गोळ्या. समोर राहणारी गंगुबाई मुलाला हाका मारत बाहेर आली होती. गोळी तिच्या मांडीत घुसली. कोंडीरामने ते फटीतून पाहिलं आणि मागच्या दाराने धावत सुटला. मालकांनी ते दार त्याच्यासाठी उघडंच ठेवलं.

पण वाडीच्या तोंडाशी लाठ्या चालत होत्या. गंगुबाईला खांद्यावर घेऊन कोंडीराम पुढच्या दाराशी आला आणि फळी सरकवायला त्याने उजवा हात आत घातला. पुढच्या दाराने कोंडीराम येईल, हे मालकांच्या स्वप्नातही नव्हतं. त्यांनी मला उचललं आणि त्या हातावर घातलं. एकदा नव्हे, तीनदा. मित्रांनो, पहिल्याच घावाला मी ती बोटं ओळखली. पण मला जबडा आहे, वाचा नाही.

बाहेरून आवाज आला, "मालक, मी हाय. कोंडीराम."

गंगुबाईने दुकानाच्या लादीवरच प्राण सोडला. कोंडीरामची मोडलेली तीन बोटं जुळली, पण वाकडी. मालकांनी स्वतः माशा बांधून पाहिल्या. त्या पाण्यात उसवत. दोन महिन्यांनी मला फडक्यात गुंडाळून ते घोडपदेवला गेले. चाळीतल्या खोलीच्या उंबऱ्यावर घुटमळले. कोंडीरामची बायको कौसल्या शांतपणे म्हणाली, "आत या मालक. हेच दार. आमच्या खोलीला मागचं दार नाही."

मालकांची मान खाली गेली. आत येऊन त्यांनी ती वाकडी बोटं हातात घेतली आणि ढसाढसा रडले. कोंडीराम रडला नाही. माझ्या खाचेत वाळलेलं स्वतःचं रक्त त्याने डाव्या हाताने पुसलं आणि बायकोकडे तेल मागितलं.

आता तो सांगतो, कौसल्या बांधते आणि मालक दर शनिवारी डब्या न्यायला त्याच एका दाराने येतात.

मित्रांनो, मला कोरडं ठेवा, तेल द्या, मी शंभर वर्षं टिकेन. पण मला कुणावर उगारू नका. उगारावंसं वाटलंच, तर समोरचा हात कुणाचा आहे, एवढं आधी विचारा. मला ते विचारता आलं नाही.