अंगावर सूत नको

काटेकाकूंना हे नाव मोठ्या बाईंनी ठेवलं होतं. पंचवीस वर्षं त्या दवाखान्यात तान्ह्या मुलांची वजनं करत होत्या म्हणून काटेकाकू, आणि बोलणं टोचतं म्हणूनही. काकूंना नाव पसंत होतं. बोथट काटा काय कामाचा?

मोठ्या बाई म्हणजे दवाखान्याच्या प्रमुख. लसीकरणाच्या दिवशी सकाळीच त्या वजनाच्या खोलीत आल्या.

"दुपारी साहेब तपासणीला येतायत. आज एकाही कार्डावर लाल ठिपका नकोय. थंडी आहे, कपड्यांसकट वजनं घ्या."

"थंडी पोरांना वाजतेय की तुमच्या अहवालाला?"

मोठ्या बाईंनी टेबलावरचं लाल पेन उचलून खणात टाकलं, कुलूप लावलं आणि त्या तिथेच खुर्ची ओढून बसल्या.

काकूंचा नियम एकच होता, 'अंगावर सूत नको.' दारात शिरणाऱ्या आया तो ऐकायच्या आधीच झबल्याचे बंद सोडू लागायच्या.

चौथ्या नंबरला इस्त्रीच्या दुकानात काम करणारी पोरगेलीशी आई आली. कडेवर सात महिन्यांची मुलगी. जाड स्वेटर, टोपी, मोजे, वरून शाल. मुलगी रडत नव्हती. काट्यावर न रडणाऱ्या मुलाची काकूंना धास्ती वाटायची.

"काकू, स्वेटर राहू दे ना," आई हळूच म्हणाली. "लाल आलं तर सासूबाई म्हणतील, हिचं दूधच पातळ. रोज तेच ऐकते मी."

काकूंनी पोरीला तशीच पारड्यात ठेवली. पाच किलो चारशे.

"बघा, वाढतेय!" मोठ्या बाई म्हणाल्या. "गेल्या महिन्यात पाच तीनशे होती. पिवळा ठिपका द्या आणि पुढच्या महिन्यात बोलवा."

गेल्या महिन्यात काकू डोळ्याच्या ऑपरेशनसाठी रजेवर होत्या, वजनं मोठ्या बाईंनीच घेतली होती. पिवळा म्हणजे महिन्याने या. लाल म्हणजे आजच्या आज वरच्या मजल्यावर बालविभागात खाट आणि दर दोन तासांनी औषधी दूध. काकूंनी शाल सरकवून पोरीच्या मांडीची कातडी चिमटीत धरली. सोडल्यावरही घडी तशीच उभी राहिली. या पोरीकडे महिना नव्हता.

"अंगावर सूत नको," काकू म्हणाल्या.

"काकू, मी काय सांगितलंय?"

काकूंचे हात थांबले नाहीत. शाल, टोपी, मोजे, स्वेटर, झबलं, लंगोट. बरगड्या मोजता येत होत्या. काटा थरथरला आणि थांबला. पाच किलो पन्नास.

काकूंनी पोरीला स्वतःच्या शालीत गुंडाळून आईच्या हातात दिली. मग सगळे कपडे गोळा केले आणि पारड्यात ठेवले. साडेतीनशे ग्रॅम.

"दोन महिन्यांपूर्वी मीच हिचं उघडं वजन घेतलं होतं. पाच किलो शंभर. पोर छटाकभर घटलीय, बाई. वाढलाय तो हा स्वेटर."

रांगेत कोणीतरी फिसकन हसलं आणि लगेच गप्प झालं. दारातल्या एका आईने आपल्या मुलाची बटणं सोडायला घेतली. "आमचंही गेल्या महिन्याचं कपड्यांसकटच आहे," ती म्हणाली.

मोठ्या बाई उठून उभ्या राहिल्या. "तुमची बदली करीन मी."

"करा की. तिथंही काटा असेलच."

"लाल पेन मिळणार नाही."

काकूंनी अंबाड्यात खोचलेलं पेन काढलं. टोपण लाल होतं. "कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही. पंचवीस वर्षांत असे खण मी पुष्कळ पाहिलेत."

त्यांनी कार्ड पुढे ओढलं, पण आईने त्यावर हात ठेवला. काकूंना वाटलं, घाबरली. आता ही पोरीला घेऊन घरी जाणार.

"पेन द्या," आई म्हणाली. डोळे भरले होते, आवाज मात्र चढला होता. "सासूबाईंना काय बोलायचं ते बोलू दे. पोर माझी आहे. कुठे द्यायचा ठिपका?"

काकूंनी जागा दाखवली. तिने ठिपका इतका दाबून दिला की तो कार्डाच्या मागच्या बाजूलाही उमटला.